कानस न मारलेली बंदूक

दसऱ्याच्या दिवशी दुपारी चार वाजता मकसूदभाईंनी कपाटातली बंदूक बाकावर घेतली, तिच्या बिजागरीच्या पिनेवर कानस टेकवली आणि हलक्या हाताने एकदा मारली. कानस घसरायला हवी होती. ती घसरली नाही. बाकावरच्या पांढऱ्या कागदावर चिमूटभर राखी भुगा पडला.

त्यांनी पुन्हा एकदा मारली. माणूस अशा वेळी पुन्हा एकदा करून बघतोच, जसं काही लोखंडाला मध्येच उपरती होणार आहे. पुन्हा भुगा पडला. पाणी दिलेल्या पक्क्या पोलादावर कानस चालत नाही, काचेवरून नख जावं तशी सरकत जाते. कच्च्या लोखंडाला मात्र ती खाते. आणि ही बंदूक घडीची. नळी मधोमध मोडून दस्त्याला चिकटवायची, की पिशवीत मावते, स्कूटरवर पायाशी राहते. ही सगळी सोय त्या करंगळीएवढ्या पिनेच्या जिवावर. काडतूस उडतं तेव्हा मागे येणारा जोर तीच पेलते. ती वाकली, सरकली, तर नळी मागून उघडते आणि जे पुढे जायचं ते दस्त्याला गाल टेकवून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर येतं. एकदा नीट उडेल, दोनदा उडेल, कदाचित दहादाही उडेल. घात कितव्या वेळी होईल ते ती बनवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही.

अशा दोन बंदुका दुकानात आल्या होत्या. एक ही. दुसरी नऊ दिवसांपूर्वी हिंमतराव घेऊन गेले होते.

‘काय झालं, अब्बू?’ बिलकिसने काउंटरवरून विचारलं. बिलकिस त्यांची मुलगी. भोसरीच्या एका कारखान्यात ती मालाची तपासणी करायची, सुट्टीच्या दिवशी दुकानाचं रजिस्टर लिहायची आणि दोन्हीकडे कुणाचंच काही चालू द्यायची नाही. उद्या एक गिऱ्हाईक ही बंदूक बघायला येणार होतं आणि हिच्यावर चुन्याचा ठिपका का नाही, म्हणून तिने सकाळपासून बापाच्या मागे भुणभुण लावली होती.

ठिपक्याची रीत मकसूदभाईंच्या आजोबांची. दुकानात आलेल्या प्रत्येक बंदुकीच्या पिनेवर तीन वेळा कानस मारायची, घसरली तर चापाच्या कड्याच्या आतल्या बाजूला चुन्याचा ठिपका द्यायचा, आणि मगच ती काचेच्या कपाटात जायची. सरकारी परीक्षेचा शिक्का नळीवर असतो, पण पिनेची परीक्षा आपली आपणच घ्यायची असते, असं आजोबा म्हणत. कॅम्पातल्या त्या लांबट, अंधाऱ्या दुकानाला लोक पाटीवरच्या नावाने कमी आणि ‘ठिपकेवाले’ म्हणून जास्त ओळखत. मकसूदभाईंना त्याचा अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

या दोन बंदुकांना कानस मारायला आपल्याला वेळच मिळाला नाही, असं ते गेले तीन आठवडे स्वतःला सांगत होते. तीन वेळा कानस मारायला अर्धं मिनिट लागतं. खरी गोष्ट अशी, की बंदुका स्वस्त होत्या, घडीच्या होत्या, कितीतरी दिवसांनी दुकानात लोक काही विचारत येत होते. आणि कानस मारली तर काय कळेल, याची त्यांना धास्ती होती. कळू नये म्हणूनच मारली नव्हती.

आता कळलं होतं.

हिंमतराव राहत शहराबाहेर, धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला गडी, चार म्हशी, सहा गाई, दुधाचा रतीब. घर वाडीतलं अगदी शेवटचं, त्यानंतर शिवेचा दगड आणि मग नुसता डोंगर. गेल्या साली बिबट्याने त्यांच्या गोठ्यातून एक कालवड उचलली. मग एके दिवशी पहाटे त्यांची बायको वेणूबाई शेण काढायला गेली, तर तो गव्हाणीपलीकडे बसलेला. वेणूबाई हातात पाटी धरून उभ्या राहिल्या, तो त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याचा तोच उठून गेला. तेव्हापासून त्या एकट्या गोठ्यात पाऊल टाकत नसत. हिंमतरावांनी खेटे घालून परवाना काढला. बिबट्या मारायचा नाही, मारला तर जन्माची अद्दल घडेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हवेत बार काढायचा आणि पळवून लावायचा, एवढाच बेत.

घटस्थापनेच्या दिवशी नवराबायको दुकानात आली. परवान्यावर बंदूक घ्यायची मुदत संपायला चारच दिवस राहिले होते. मकसूदभाईंनी दोन बंदुका काचेवर ठेवल्या. एक जुन्या नावाजलेल्या कारखान्याची, जड, सरळ, अठ्ठावन्न हजारांची. दुसरी ही घडीची, एकवीस हजारांची.

हिंमतरावांनी जड बंदूक उचलली, मान डोलावली आणि खाली ठेवली. ‘चांगली हाय. पर रोजचं काम थोडंच हाय आपलं? वरसातनं दोन-तीन बार. त्याला एवढं कशापायी घालायचं? आन् ही बघा, दुमडती. दुधाच्या किटलीमागं टाकली की झालं.’

‘टिकंल ना ओ?’ वेणूबाईंनी विचारलं. त्यांनी बंदुकीकडे बघितलंसुद्धा नाही, मकसूदभाईंच्या तोंडाकडे बघितलं.

ज्या वस्तूला वर्षातून दोनदाच काम, तिने त्या दोन वेळांना दगा देऊन कसं चालेल, हे वाक्य मकसूदभाईंच्या जिभेवर आलं होतं. तीस वर्षं ते हेच वाक्य बोलून चांगला माल विकत आले होते. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, ‘नवीन माल आहे, बाई. हलकी आहे. लोक नेतायत.’ लोक म्हणजे कोण, तर त्या क्षणापर्यंत कोणीच नाही.

जाता जाता हिंमतराव खुशीत सांगून गेले होते, की दसऱ्याला वाडीच्या देवाची पालखी शिवेवर येते, त्यांच्या अंगणापुढेच थांबते आणि सोनं लुटायच्या आधी सहाच्या ठोक्याला बार होतो. वाडीतल्या ज्या म्हाताऱ्याकडे आधी बंदूक होती, त्याच्या माघारी सात वर्षं बार झाला नव्हता. औंदाचा बार हिंमतरावांचा. असा बार काढायला कायद्याने बंदी आहे, असं मकसूदभाईंनी सांगितलं. ‘हाय की,’ हिंमतराव म्हणाले, आणि सगळीच गिऱ्हाइकं हलवतात तशी त्यांनी मान हलवली.

आता चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मकसूदभाईंनी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा वेणूबाईंचा आवाज आला, मागे माणसांचा गलका होता.

‘हिंमतराव आहेत का? मी बंदूकवाला बोलतोय, मकसूद.’

‘ते देवळात गेल्यात पालखी सजवाया. बोला की, भाऊ.’

बोलायचं होतं ते एवढंच: बंदूक खराब आहे, तिला हात लावू नका. सात शब्द. मकसूदभाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वाडीतली सगळी माणसं आली, ठिपकेवाल्यांनी फसवलं म्हणून बोलणारी. परवाना, चौकशी, पोलीस. आजोबांचा फोटो तर समोरच भिंतीवर होता.

‘त्याचं काय आहे,’ ते म्हणाले, ‘नवीन बंदूक आहे, तिला तेल द्यायचं राहून गेलंय. मी येतोय. मी येईपर्यंत बार काढू नका म्हणावं त्यांना.’

‘तेल व्हय? सांगते की,’ वेणूबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

बिलकिस बापाकडे बघत होती. तिने बाकावरचा भुगा बघितला, बोटाने चोळला. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती, दिवसभर ती असलाच माल नापास करायची.

‘तेल?’ ती म्हणाली.

‘चल, गाडी काढ.’

‘अब्बू, परत फोन लावा आणि खरं काय ते सांगा.’

‘पोचतो आपण. दोन तास आहेत.’

मकसूदभाईंनी हातोडी, पिन काढायचा सुंबा आणि कानस पिशवीत टाकली, शटर ओढलं आणि मुलीच्या मागे स्कूटरवर बसले. त्रेसष्टाव्या वर्षी मुलीच्या मागे बसून जाण्यात त्यांना एरवी कमीपणा वाटे. त्या दिवशी ती आणखी जोरात का चालवत नाही, एवढंच त्यांना वाटत होतं.

दसऱ्याला पुण्यात संध्याकाळी रस्त्यावर निघायचं म्हणजे आधी घरच्यांचा निरोप घ्यावा. स्वारगेटला मार्केट यार्डातून उरलेला झेंडू घेऊन आलेले टेम्पो आडवेतिडवे लावलेले. शोरूममधून हार घालून निघालेल्या नव्या कोऱ्या गाड्या, त्यांचे मालक ओरखडा पडेल म्हणून बैलगाडीच्या वेगाने चाललेले. सिंहगड रस्त्यावर तर सगळं शहरच डोंगराकडे निघालं होतं. मकसूदभाई दर दोन मिनिटांनी मनगटावरच्या घड्याळात बघत. साडेचार. पावणेपाच. वडगावपाशी पाच वाजले आणि स्कूटर एका बसच्या मागे उभी राहिली ती उभीच.

‘लावा फोन,’ बिलकिस मान न वळवता म्हणाली.

त्यांनी फोन हातात घेतला. नंबर काढला. अंगठा नंबरावर होता. आता सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या: बंदूक कच्ची आहे ही एक, आणि मघाशी मी तुमच्या बायकोशी खोटं बोललो ही दुसरी. एका तासात कबुलीचं ओझं दुप्पट झालं होतं. तेवढ्यात बस हलली.

‘रस्ता सुटला बघ,’ ते म्हणाले आणि फोन खिशात टाकला. बिलकिसने गाडी अशी काही दामटली की मकसूदभाईंनी डोळे मिटून घेतले.

डोळे मिटले की त्यांना एकच गोष्ट दिसत होती. ऐन तारुण्यात त्यांनी एक माणूस बघितला होता, गावठी बंदूक फुटलेला. त्याला बघायला ते वडिलांबरोबर ससूनमध्ये गेले होते. चेहऱ्याची एक बाजू पांढऱ्या पट्ट्यांत होती आणि दुसऱ्या बाजूचा डोळा सारखा आढ्याकडे बघत होता. वडील बाहेर आल्यावर म्हणाले होते, की बघितलंस, आपल्या गिऱ्हाइकाचं असं होता कामा नये. आता त्या पट्ट्यांच्या जागी हिंमतरावांच्या पिकलेल्या मिशा दिसू लागल्या.

धरणाच्या कडेला भजी आणि कणसं खाणाऱ्यांची जत्रा लोटली होती. तिथून सुटायला पाच चाळीस झाले. मग पाण्याच्या कडेकडेने जाणारा अरुंद रस्ता लागला, आणि आता मात्र मकसूदभाईंनी खरोखरच फोन लावला. मनाशी वाक्यसुद्धा जुळवलं होतं. मोबाइलला रेंज नव्हती. पुढच्या वळणावर नव्हती, त्याच्या पुढच्या वळणावरही नव्हती. ते फोन हवेत उंच धरून बघत होते, आणि आपण वडगावला काय केलं हे त्यांना आता कळत होतं.

वाडीच्या पायथ्याशी पालखीला आलेल्यांच्या गाड्यांनी रस्ता बंद होता. बिलकिस म्हणाली, ‘तुम्ही पळा, मी गाडी लावून येते.’ सहाला पाच कमी होते. वरून ढोल ऐकू येत होते. मकसूदभाई पिशवी छातीशी धरून पायवाट चढायला लागले. गुडघे बोलायला लागले, श्वास पुरेना. जोवर ढोल वाजतायत तोवर ठीक आहे, असं ते पावलागणिक स्वतःला सांगत होते.

ढोल थांबले.

मकसूदभाई जागच्या जागी उभे राहिले. ‘थांबा, हिंमतराव,’ असं त्यांना ओरडायचं होतं, पण घशातून नुसती हवा आली. आणि बार झाला. आवाज डोंगरावर आपटून परत आला, झाडांतून कावळे उठले. नंतर सगळं गप्प. एखादी बाई किंचाळेल म्हणून ते कान देऊन उभे होते. उभ्या आयुष्यात ते कधी इतके घाबरले नव्हते. या अल्ला, एवढं एक वेळ, ते म्हणत होते, एवढं एक वेळ, मग मी काय म्हणशील ते करीन.

ढोल पुन्हा सुरू झाले.

ते वर पोचले तेव्हा अंगणापुढे शे-दीडशे माणसं होती, मध्ये पालखी, आणि शिवेच्या दगडाजवळ हिंमतराव बंदूक खांद्याला लावून उभे. दोन्ही डोळे जागेवर, मिशा जागेवर. मकसूदभाईंना रडू कोसळायचंच बाकी होतं.

‘आले, आले, बंदूकवाले आले,’ हिंमतराव पुढे आले. ‘जरा उशीर केलात. तुमी तेल म्हनालात न्हवं? मालकिनीनं घातलं की. खोबरेल. काय बार झाला, ऐकलात ना?’

वेणूबाई आपट्याच्या पानांचं ताट घेऊन मागेच होत्या. त्या हसल्या. ‘म्हटलं, तुमी कवा याल कवा न्हाई. घातलं मीच.’

थांबा म्हणून सांगितलेलं तेलाच्या गडबडीत गळून गेलं होतं. तेलच घालायचं, तर ते घरातही होतं. मकसूदभाईंच्या खोट्याने बंदूक थांबली नाही, उलट तयार झाली. पण हिंमतराव धडधाकट उभे होते, आणि भीती अंगातून उतरताना माणूस जरा वेडाच होतो. मकसूदभाई हसले. ‘बघू,’ म्हणून त्यांनी बंदूक मागितली. आता काहीतरी निमित्त सांगायचं, दुरुस्ती म्हणून हिंमतरावांना उद्या दुकानात बोलवायचं, गुपचूप पिन बदलायची, झालं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

त्यांनी बंदूक मोडून बघितली. पिनेचं डोकं तांदळाच्या दाण्याएवढं बाहेर आलं होतं. अंगठ्याने दाबलं तर आत गेलं, सोडलं तर पुन्हा बाहेर. तेलाने ती आणखी सैल सरकत होती. नळीचा मागचा भाग बंद केल्यावर कडेने एवढीशी फट दिसत होती. हे बघायची सवय असलेल्या डोळ्यालाच दिसेल, एवढीशी.

‘घाला,’ हिंमतराव म्हणाले आणि त्यांनी मकसूदभाईंच्या हातावर एक काडतूस ठेवलं. ‘दुसरा बार पाहुन्याचा. आमची रीत हाय. तुमच्याच दुकानची बंदूक, तुमचाच मान.’

माणसं बाजूला सरली. कुणीतरी शिट्टी वाजवली. ढोलवाले टिपऱ्या उचलून वाट बघत राहिले. मकसूदभाईंच्या एका हातात बंदूक, एका हातात काडतूस. काडतूस घामाने ओलं झालं.

‘माझा खांदा दुखतो, हिंमतराव,’ ते म्हणाले. ‘मला नाही जमायचं. राहू द्या आज दुसरा बार.’

‘राहू कसा दिऊ? देवाम्होरचं काम हाय.’ हिंमतराव वळले. ‘नम्रता, ये गं. पाहुन्यांच्या वतीनं तू काढ.’

नम्रता त्यांची मुलगी. हिंजवडीला एका कंपनीत होती, सणाला घरी आली होती. गर्दीतून ती हसत पुढे आली, ओढणी कमरेला खोचलेली. ‘बाबा, मी रेडीच आहे. तीन दिवस प्रॅक्टिस करतेय, रिकाम्या बंदुकीवर.’ तिने हात पुढे केला. तिच्या उजव्या गालावर दस्ता टेकवून टेकवून लाल वळ उठला होता.

आधी तेल, आता खांदा. मकसूदभाई एकेक खोटं बोलत होते आणि बंदूक एकेका नव्या माणसाच्या गालाकडे चालली होती. गर्दीच्या कडेला बिलकिस येऊन उभी राहिलेली त्यांना दिसली, धापा टाकत. ती नम्रताच्याच वयाची होती.

‘थांब, पोरी,’ ते म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की सगळे गप्प झाले. ‘ही उडवू नका. हिची पिन कच्ची आहे. ही बघा, एका बारात बाहेर आली. पुढच्या बाराला बंदूक तोंडावर फुटू शकते.’

हिंमतरावांना पहिल्यांदा नीटसं कळलं नाही. ‘तेल कमी पडलं का?’

‘तेलाचा काही संबंध नाही. आमच्याकडे पिन तपासल्याशिवाय बंदूक देत नाहीत. तुम्हाला मी न तपासता दिली. दुपारी दुसरी तपासली, तेव्हा कळलं.’

‘आन् फोनवर तेल म्हनालात.’

‘हो.’

‘ते का?’

‘लाज वाटली,’ मकसूदभाई म्हणाले.

हिंमतराव पुढे आले, वाकून त्यांनी पिन बघितली, बोटाने दाबली, सोडली. मग उजवा हात स्वतःच्या गालावर ठेवला आणि तिथेच शिवेच्या दगडावर बसले. ‘मी आत्ता गाल लावला हुता,’ ते म्हणाले. ते कुणाला उद्देशून नव्हतं. त्यांनी मान वर केली. ‘तुमचा खांदा दुखला, मकसूदभाई. आमचा गाल चालला असता तुमाला.’

वेणूबाईंनी ताट खाली ठेवलं होतं आणि त्या आपल्या तळहाताकडे बघत होत्या. ‘मी या हातानं घातलं तेल,’ त्या म्हणाल्या. ‘दुकानदार सांगतोय म्हंजे बऱ्यासाठीच सांगत असंल, म्हटलं.’

‘असली आनिक कुनाला दिली?’ हिंमतरावांनी विचारलं.

‘कुणालाच नाही. दोनच होत्या. दुसरी दुकानात आहे.’

हे अक्षरन् अक्षर खरं होतं. पण मकसूदभाईंनी भोवतालच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, तर एकाही चेहऱ्यावर ते खरं वाटल्याची खूण नव्हती. नम्रताने मोबाइल काढला आणि बंदुकीवरच्या नंबराचा, कंपनीच्या नावाचा, बाहेर आलेल्या पिनेचा फोटो काढला. मकसूदभाईंना राग आला नाही. तिच्या जागी बिलकिस असती तर तिनेही हेच केलं असतं.

पुजाऱ्याने घाईघाईने आरती उरकली. पालखी फिरली, माणसं सोनं वाटत वाटत खाली निघाली, आणि कुजबुज त्यांच्याबरोबर खाली निघाली. मकसूदभाईंनी अंगणात बसून सुंबा लावला आणि हातोडीच्या एका ठोक्यात पिन बाहेर काढली. इतक्या सहज ती निघाली. नळी वेगळी झाली, दस्ता वेगळा. ‘मी ही बरोबर नेऊ शकत नाही,’ त्यांनी सांगितलं, ‘परवाना तुमच्या नावावर आहे. उद्या सकाळी परवाना आणि ही घेऊन दुकानात या. ती मोठी बंदूक घेऊन जा. वर एक पैसा द्यायचा नाही. मी तुमच्यासमोर तिला कानस मारून दाखवतो.’

‘उद्या,’ हिंमतराव म्हणाले.

‘सकाळी नऊला उघडतो.’

‘आन् आज?’

मकसूदभाईंनी डोंगराकडे बघितलं. ऊन वर शेंड्यांवर गेलं होतं, खालची झाडी एकमेकीत मिसळायला लागली होती. दुपारपासून त्यांना एकच भीती होती, की बंदूक उडेल. ती आता उडणार नव्हती, तुकड्यातुकड्यांनी अंगणात पडली होती, आणि या घराला रात्र काढायची होती. ‘मी थांबतो इथे,’ ते म्हणाले.

‘थांबून काय करनार?’ हिंमतरावांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

नम्रताला सोबतीला घेऊन वेणूबाई गोठ्यातून वासराचं दावं सोडून त्याला ओढत घराकडे आणत होत्या. या घरात वासरू माणसांबरोबर झोपायचं, गेल्या सालापासून. नऊ दिवसांपूर्वी बंदूक आली तेव्हा ते पुन्हा गोठ्यात गेलं होतं. आता त्याला उंबरा ओलांडायचा नव्हता, पाय रोवून ते मागे खेचत होतं. वेणूबाई सारख्या मागे वळून झाडीकडे बघत होत्या आणि दुसऱ्या हाताने पदर सावरत होत्या. मकसूदभाई उठले, मदतीला म्हणून दाव्याला हात घालायला गेले.

‘राहू द्या,’ वेणूबाई म्हणाल्या. ‘तुमाला माघारी जायचंय. उजेड हाय तवर निघा, भाऊ. लेक बरोबर हाय.’

वासरू आत गेलं, पाठोपाठ नम्रता, मग हिंमतराव नळी आणि दस्ता काखेत घेऊन. दार लागलं आणि आतून अडसर सरकवल्याचा आवाज आला.